शिंगराचा पहिला दिवस

तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो कोरोमांडल किनाऱ्यावर येऊन गेला. आज चेन्नई शहर ज्या किनाऱ्यावर वसले आहे, त्याच्या दक्षिणेकडील भागात त्या काळी पांड्य राजांचा अंमल होता आणि होर्मुझ, एडन इत्यादी बंदरांतून घोड्यांनी भरलेली जहाजे तेथे येत असत. या व्यापाराविषयी पोलोने एक विलक्षण हकीकत लिहून ठेवली आहे. तेथील राजा व त्याचे भाऊ दरवर्षी हजारोंनी घोडे विकत घेत. परंतु वर्षअखेर त्यांतील फारच थोडे जिवंत राहत. घोड्यांची निगा कशी राखावी हे तेथे कोणास ठाऊक नव्हते, नालबंद मिळत नसे आणि घोड्यांना शिजवलेला भात व मांस खाऊ घालीत, असे तो सांगतो. याहून लक्षात राहण्याजोगे त्याचे विधान शिंगरांविषयी आहे. उमद्या घोड्यापासून उमद्या घोडीला झालेले शिंगरूही येथे ठेंगणे, वाकड्या पायांचे आणि स्वारीस निरुपयोगी निपजते, असे त्याने नमूद केले आणि घोड्याच्या जातीला तेथील हवा मानवत नाही, असा निष्कर्ष काढला.

प्रवाशाचे सर्वच बोलणे अक्षरशः खरे धरण्याचे कारण नाही. तथापि भाताची चंदी आणि वाकडे पाय या दोन गोष्टी एकाच वृत्तांतात शेजारी शेजारी आढळल्या, तर आजचा पशुवैद्य हवेकडे बोट दाखवण्यापूर्वी चंदीकडे पाहील. तांदळात कॅल्शियम अत्यल्प असते. गाभण घोडीची व वाढत्या शिंगराची हाडे केवळ भातावर धड पोसली जाणे शक्य नाही. हवेच्या माथी मारलेला दोष पुष्कळ अंशी अज्ञानाचा असावा, असे मानण्यास जागा आहे.

हा सातशे वर्षांपूर्वीचा निष्कर्ष आज उकरून काढण्याचे कारण असे की, त्यामागील विचारसरणी अद्याप गेलेली नाही. शिंगरू दगावले की हवा बाधली, दृष्ट लागली, नशिबात नव्हते, असे म्हणून प्रश्न मिटवला जातो. वस्तुतः शिंगराच्या पहिल्या काही महिन्यांतील पुष्कळसे आजार व मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, आणि त्यांचे मूळ अनेकदा जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत सापडते. त्या चोवीस तासांत काय करावयाचे हे विज्ञानाला चांगले ठाऊक आहे, आणि त्यासाठी लागणारी साधनेही फार महाग नाहीत. मात्र हे ज्ञान मौल्यवान घोड्यांच्या पागांमध्ये जितके वापरले जाते, तितके गरिबाच्या तट्टापर्यंत पोचत नाही. ते पोचवणे हे सार्वजनिक कर्तव्य मानले पाहिजे, हे या पुस्तिकेचे प्रतिपादन आहे.

चेन्नईचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. या शहरात घोड्यांचे दोन निराळे जग शेजारी शेजारी नांदत आले. गिंडीच्या मैदानावर शतकाहून अधिक काळ शर्यती झाल्या. त्या मैदानाच्या भूमीचा पट्टा राज्यशासनाने २०२४ मध्ये रद्द केला. शर्यतीचे घोडे जन्मतात ते प्रजननासाठी राखलेल्या पागांमध्ये, जेथे विण्याच्या रात्री घोडीजवळ जाणता माणूस जागत बसलेला असतो. दुसरीकडे मरीनाच्या वाळूवर मुलांना फेरी मारून आणणारी तट्टे आहेत. त्यांच्यापैकी एखादी घोडी व्याली, तर तिचे शिंगरू कोणत्या आडोशाला, कोणाच्या देखरेखीखाली जन्मेल हे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहते. परंतु लक्षावधी रुपयांचे शिंगरू आणि वाळूवरच्या तट्टाचे शिंगरू यांच्या शरीराचे नियम एकच आहेत.

रिकाम्या रक्ताने आलेला जीव

घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि बहुधा रात्री विते. प्रसूतीचा मुख्य भाग अर्ध्या तासाच्या आत उरकतो. त्याहून अधिक वेळ लागल्यास पशुवैद्यास तत्काळ बोलावणे आवश्यक असते. पुढील क्रम लक्षात ठेवण्यासाठी पशुवैद्य एक, दोन, तीन असा सोपा हिशेब सांगतात. शिंगराने सुमारे एका तासात उभे राहावे, दोन तासांत आचळाला तोंड लावावे, आणि घोडीची वार तीन तासांत पडावी. या हिशेबात मोठी चूक पडली, तर सकाळपर्यंत वाट पाहणे धोक्याचे होय.

पळून जाऊन जीव वाचवणाऱ्या प्राण्याचे हे पिल्लू असल्यामुळे त्याचे पाय, डोळे आणि कान जन्मतःच कामास सिद्ध असतात. एक गोष्ट मात्र सिद्ध नसते. रोगजंतूंना ओळखून त्यांना निकामी करणारी प्रथिने, ज्यांना प्रतिपिंडे म्हणतात, ती त्याच्या रक्तात जवळजवळ नसतातच. मनुष्याच्या गर्भाला आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून मिळतात. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर ती मोठ्या प्रमाणात मिळतात. घोडीच्या वारेची रचना निराळी आहे. आईचे रक्त व गर्भाचे रक्त यांच्यामध्ये तेथे पेशींचे अनेक थर असतात आणि प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू त्यांतून पलीकडे जाऊ शकत नाहीत. शिंगरू स्वतःची प्रतिपिंडे तयार करू लागते. परंतु ती पुरेशी होण्यास काही आठवडे, किंबहुना महिने लागतात. मध्यंतरीच्या काळात त्याचे रक्षण एकाच गोष्टीने होते. ती गोष्ट म्हणजे आईचा चीक.

चीक हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे, तो खरवसामुळे. गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचे दाट, पिवळसर दूध शेजारीपाजारी वाटले जाते. ते दाट का असते याचे उत्तर त्यातील प्रथिनांत आहे, आणि त्या प्रथिनांचा मोठा भाग म्हणजे प्रतिपिंडेच होत. विण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत घोडी आपल्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत साठवते. ज्या जागेतील जंतूंशी तिचा सामना झालेला असतो, त्यांच्याविरुद्धची ती प्रतिपिंडे असतात. यास्तव गाभण घोडीला ऐन वेळी नव्या जागी नेऊ नये, निदान महिनाभर आधी न्यावे. आणि धनुर्वाताची लस विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे टोचावी, असा नियम आहे. लस आईला टोचली जाते आणि रक्षण पिल्लाचे होते.

आईकडून पिल्लाकडे अशा प्रकारे रोगप्रतिकारशक्ती जाते हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञास आहे. १८९२ साली त्याने उंदरांची पिल्ले अदलाबदल करून निरनिराळ्या माद्यांना पाजावयास लावली आणि दुधातूनही हे संरक्षण मिळते, असे सिद्ध केले. पुढे १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिट्ल यांनी वासरांवर प्रयोग केले. चीक मिळालेली वासरे जगली आणि चीक न मिळालेली बहुतेक वासरे थोड्याच दिवसांत जंतुदोषाने मेली. चिकाचे महत्त्व त्यानंतर वादाचा विषय उरले नाही.

चोवीस तासांची मुदत

चिकाच्या बाबतीत निसर्गाने एक कडक अट घातली आहे. नवजात शिंगराच्या आतड्यात काही खास पेशी असतात. त्या प्रतिपिंडांचे रेणू न पचवता अखंड उचलून रक्तात पोचवतात. परंतु या पेशी अल्पजीवी असतात. पहिल्या सहा ते आठ तासांत त्यांची क्षमता सर्वाधिक असते, नंतर ती झपाट्याने घटते आणि सुमारे चोवीस तासांनी हे दार जवळजवळ बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक अन्न म्हणून पोटात जाईल. त्यातील प्रतिपिंडे रक्तात जाणार नाहीत.

या एका वस्तुस्थितीमुळे पुष्कळ रूढ समजुतींचा फेरविचार करावा लागतो. वार पडेपर्यंत पिल्लाला पाजू नये, अशी समजूत गुराढोरांच्या बाबतीत अनेक ठिकाणी आढळते. तीच घोडीला लावली, तर शिंगराचे सर्वांत मोलाचे तास वाया जातात. काही घोड्यांच्या बाबतीत विण्यापूर्वीच कास गळू लागते. मालकाला वाटते, दूध भरपूर आहे. प्रत्यक्षात साठवलेला चीक जमिनीवर सांडत असतो आणि शिंगरू जन्मेल तेव्हा त्याच्या वाट्याला साधे दूध उरते. पहिलारू घोडी कधीकधी पिल्लाला जवळ येऊ देत नाही. अशक्त शिंगराला आचळ सापडत नाही. या प्रत्येक प्रसंगी घड्याळ चालू असते, आणि बाहेरून पाहता शिंगरू त्या दिवशी ठीकच दिसते. त्याचा आजार तीन-चार दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी प्रकट होतो. तोवर पहिल्या रात्रीचा संबंध कोणाच्या ध्यानात राहत नाही आणि दोष हवेला दिला जातो.

चीक चांगला आहे की नाही हे पाहण्याची रीत आता सोपी झाली आहे. साखर कारखान्याच्या परिसरातील शेतकऱ्यांना ब्रिक्स हा शब्द सांगावा लागत नाही. उसाच्या रसाचा थेंब ज्या हातातील उपकरणावर ठेवून साखरेचा अंदाज घेतात, त्याच उपकरणावर चिकाचा थेंब ठेवला, तर त्यातील प्रतिपिंडांचा अंदाज येतो. आकडा वीसच्या खाली असल्यास चीक निकृष्ट समजावा आणि तीसच्या वर असल्यास उत्तम. सुमारे पन्नास किलोग्रॅम वजनाच्या शिंगराला पहिल्या सहा ते आठ तासांत एक ते दीड लिटर चांगला चीक मिळावयास हवा. तट्टाचे शिंगरू लहान असते. त्याला त्या मानाने कमी पुरतो.

प्रतिपिंडे रक्तात पोचली की नाही हेही तपासता येते. जन्मानंतर अठरा ते चोवीस तासांनी रक्ताचा नमुना घेतात. शंभर मिलिलिटर रक्तरसात आठशे मिलिग्रॅमहून अधिक प्रतिपिंडे आढळल्यास काळजीचे कारण नाही. चारशेहून कमी आढळल्यास संरक्षण मुळीच झाले नाही, असे समजतात. अशा वेळी दुसऱ्या निरोगी घोड्याचा रक्तरस शिरेवाटे देऊन उणीव भरून काढता येते. हा उपाय गुणकारी असला तरी खर्चाचा आहे, आणि तो केवळ पशुवैद्यानेच करावयाचा आहे. त्यापेक्षा वेळेवर पाजलेला चीक कितीतरी स्वस्त पडतो.

जी घोडी भरपूर चीक देते, तिचे स्वतःचे शिंगरू पोटभर प्याल्यावर पावशेर-अर्धा शेर चीक काढून घेण्यास हरकत नसते. उणे वीस अंश सेल्सिअसला गोठवून ठेवल्यास तो वर्षभर टिकतो. गरज पडेल तेव्हा कोमट पाण्यात भांडे ठेवून तो वितळवावा; उकळू नये, कारण उष्णतेने प्रतिपिंडे नष्ट होतात. क्वचित एखाद्या घोडीच्या चिकात शिंगराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करणारी प्रतिपिंडे असतात आणि ते शिंगरू काविळीने पिवळे पडते. म्हणून दात्या घोडीची निवड व तपासणी पशुवैद्याने करावी. हा अपवाद सोडला, तर गोठवलेल्या चिकाचा साठा ही एका शीतकपाटात मावणारी रुग्णसेवा आहे.

एक विसरलेले ऋण

घोड्याच्या पिल्लासाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर चेन्नईजवळच सापडते. शहराच्या दक्षिणेस किनाऱ्यालगत वडनेम्मेली येथे इरुळा आदिवासींची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. १९७८ साली ती स्थापन झाली. तिचे सभासद नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. ते विष प्रतिसर्पविष तयार करणाऱ्या कारखान्यांकडे जाते. तेथे ते अल्प मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. आणि ती वेगळी काढून सर्पदंश झालेल्या माणसाला देतात. महाराष्ट्रात मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम दीर्घकाळ केले. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली स्थापन झाली, ती घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला घराण्यातील सायरस पूनावाला यांच्या हातून. लससंशोधनाच्या या प्रसिद्ध संस्थेचे नाते अशा रीतीने पागेशी जडलेले आहे.

तत्त्व एकच आहे. सर्पदंश झालेल्या शेतमजुराला आणि नवजात शिंगराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करण्याइतका अवसर नसतो; दोघांनाही ती दुसऱ्याकडून तयार मिळावी लागतात. शेतमजुराला ती घोडा देतो. ज्या प्राण्याच्या रक्तातील प्रतिपिंडांनी असंख्य माणसांचे प्राण वाचवले, त्याचे पिल्लू मात्र त्याच प्रतिपिंडांवाचून जन्मते, आणि त्यांच्याअभावी मरू दिले जाते. ही गोष्ट कोणत्याही विचारी समाजाला शोभणारी नाही.

पुढील सहा महिने

पहिला दिवस निभावला म्हणजे सर्व झाले, असे नाही. परंतु पुढील काळजी तुलनेने साधी आहे आणि तिच्यात नियमितपणाला विद्वत्तेहून अधिक महत्त्व आहे.

नाळ आपोआप तुटू द्यावी आणि बेंबीला सौम्य जंतुनाशक द्रव काही दिवस लावावा. तीव्र आयोडीनने कातडी भाजते. म्हणून द्रव किती पातळ करावा हे विचारून घ्यावे. बेंबीतून शिरलेले जंतू रक्तावाटे सांध्यांत जातात. सुजलेला, गरम सांधा आणि लंगडणे यांना घोडीचा पाय लागला असेल, असे समजून सोडून देणे ही महागात पडणारी चूक होय. गर्भावस्थेत आतड्यात साठलेला काळसर, चिकट मळ पहिल्या दिवसातच बाहेर पडला पाहिजे. शेपटी वर करून कुंथणाऱ्या शिंगराकडे दुर्लक्ष करू नये. अंगाचा ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास, किंवा पिणे थांबून घोडीची कास भरलेली राहिल्यास, वैद्यास बोलवावे. भरलेली कास हा शिंगराच्या आजाराचा फार लवकर मिळणारा इशारा असतो आणि तो पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुष्कळ शिंगरांना सौम्य हगवण लागते. शिंगरू खेळत व पीत असेल, तर ती बहुधा आपोआप थांबते. ते मलूल झाले, तर मात्र अंगातील पाणी वेगाने कमी होते आणि चेन्नईच्या वैशाखात काही तासही घातक ठरू शकतात. शिंगरू आईची लीद खाते, यात घाबरण्यासारखे काही नाही; चारा पचवणारे उपयुक्त सूक्ष्मजंतू त्याला त्यातून मिळतात. पोटातील जंतांचे पहिले औषध साधारणपणे दोन महिन्यांच्या सुमारास, पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. ऊठसूट औषध दिल्याने जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. लीद रोज उचलणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे.

आईकडून मिळालेली प्रतिपिंडे तीन-चार आठवड्यांत निम्म्यावर येतात आणि शिंगराची स्वतःची पुरेशी झालेली नसतात. त्यामुळे एक ते चार महिन्यांच्या वयात फुप्फुसाचे विकार होण्याचा संभव असतो. धूळ, गर्दी आणि कोंदट पागा यांनी तो वाढतो. किनाऱ्यावरील दमट हवेत भिंती बंद करून ऊब देण्यापेक्षा छप्पर उंच आणि वारा मोकळा ठेवणे श्रेयस्कर. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चेन्नईस मुख्य पाऊस पडतो. तेव्हा जमीन कोरडी राखण्याची खटपट दुप्पट करावी लागते. लसी केव्हा सुरू करावयाच्या हे आईला लस टोचली होती की नाही यावर ठरते. म्हणून आईच्या लसीची नोंद हे शिंगराचे पहिले कागदपत्र होय.

आहाराच्या बाबतीत पहिले दोन महिने आईचे दूध पुरेसे असते. यास्तव शिंगराला पोसणे म्हणजे त्याच्या आईला पोसणे. महिना-दीड महिन्यात चांगल्या शिंगराचे वजन जन्माच्या वेळेच्या दुप्पट होते. दूध देणाऱ्या घोडीला केवळ कोंडा आणि वाळलेले गवत घालून ही वाढ साधणार नाही. गव्हाच्या व तांदळाच्या कोंड्यात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम थोडे असते; असा आहार दीर्घकाळ चालला, तर शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेते आणि हाडे कमकुवत होतात. कोंड्याचे प्रमाण मर्यादित ठेवून लसूणघासासारखा हिरवा चारा आणि क्षारमिश्रण दिल्यास हा दोष टळतो. पोलोने पाहिलेल्या वाकड्या पायांचे स्मरण ठेवण्याची जागा हीच आहे. उलटपक्षी, लवकर मोठे दिसावे म्हणून शिंगराला दाण्याचा मारा करणेही तितकेच वाईट. जलद वाढीचा ताण कोवळ्या सांध्यांवर पडतो.

खूर पहिल्या महिना-दीड महिन्यात जाणत्या नालबंदास दाखवावेत आणि पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी पाहत जावेत. किंचित वाकलेला पाय या वयात सरळ होऊ शकतो. हाडाची वाढ थांबल्यावर तो होत नाही. रोज मोकळ्या जागेत आईबरोबर हिंडणे हाडांना व स्नायूंना आवश्यक आहे. मात्र शिंगराला दोरीने बांधून आईच्या मागे डांबरी रस्त्यावर मैलोगणती चालवणे म्हणजे व्यायाम नव्हे. दूध चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान तोडावे, तेही शिंगरू चारा व दाणा नीट खाऊ लागल्यावर आणि सोबतीला दुसरे जनावर ठेवून. आईला लवकर कामाला जुंपता यावे म्हणून दूध अकाली तोडण्यात मालकाचा होणारा फायदा बहुधा औषधांच्या खर्चात निघून जातो.

दोन आक्षेप

रानटी घोड्यांना कोण चीक मोजून पाजतो, असा एक आक्षेप घेतला जातो. निसर्गात पिल्ले जगतात हे खरे. परंतु किती मरतात याची मोजदाद तेथे कोणी ठेवत नाही. शिवाय मोकळ्या माळावर विणारी घोडी आणि दाट वस्तीतील आडोशाला, इतर जनावरांच्या मलमूत्राशेजारी विणारी घोडी यांची तुलना होऊ शकत नाही. माणसाने प्राण्याला निसर्गातून उचलून आपल्या गैरसोयीत आणले, म्हणजे निसर्गाची उणीव भरून काढण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घोड्यांची संख्या वेगाने घटत आहे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमधील काळात देशातील घोडे व तट्टे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होऊन तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास उरली. मग मावळत्या प्राण्यासाठी ही यातायात कशाला? या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. संख्या मोठी असताना एक शिंगरू गेले तर दुसरे मिळत असे. संख्या घटल्यावर प्रत्येक शिंगराचे मोल वाढते. दख्खनच्या ज्या भीमथडी तट्टांचे नाव मराठ्यांच्या घोडदौडीशी जोडले गेले आहे, ती आज मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडांबरोबर वाटचाल करताना दिसतात. त्या वाटेवर एखादी घोडी रात्री शेतात विते आणि सकाळी बिऱ्हाड पुढे निघते. मरीनाच्या तट्टावाल्याची जी अडचण, तीच या धनगराची. जातीला मान्यता देणे महत्त्वाचे आहेच. पण जात टिकते ती शिंगरे जगल्याने.

करावयाचे काय

चेन्नईच्या वेपेरी भागातील पशुवैद्यक महाविद्यालय १९०३ साली सुरू झाले. पशुवैद्यकाची विद्यापीठीय पदवी देशात प्रथम तेथे दिली गेली, आणि १९८९ साली स्थापन झालेल्या तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे ते अंग बनले. जेथे अशी संस्था आहे, तेथे ज्ञानाची वाण नाही. वाण आहे ती ज्ञानापासून वाळूपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांच्या वाटेची.

ती वाट बांधण्यास तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, घोडे असलेल्या प्रत्येक मोठ्या शहरातील पशुरुग्णालयात तपासलेल्या चिकाचा गोठवलेला साठा असावा आणि तो कोणाही मालकास, घोड्याची किंमत न विचारता मिळावा. दुसरी, गाभण घोडीची नोंद, तिची विण्यापूर्वीची लस आणि शिंगराच्या पहिल्या दिवसाची रक्ततपासणी ही विनामूल्य सेवा व्हावी. स्वारीसाठी तट्टे ठेवण्याचा परवाना जेथे दिला जातो, तेथे तो या नोंदीशी जोडता येईल. तिसरी, मोतद्दार, तट्टावाले आणि मेंढपाळ यांना त्यांच्या भाषेत, चित्रांसह, एका पानाची माहिती द्यावी.

चित्रांसह म्हणण्यास आधार आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, मोडीतील मराठी कागदपत्रांच्या शेजारी, अश्वशास्त्रावरील सचित्र पोथी जपलेली आहे आणि १९५२ साली ती छापून प्रसिद्धही झाली. घोड्याविषयीचे ज्ञान चित्रांत उतरवून ठेवावे, हे पूर्वजांना सुचले होते. मात्र ती पोथी राजाच्या पागेसाठी होती. आजचे पान बंदरावरच्या, बाजारातल्या आणि माळावरच्या माणसासाठी हवे. शाळांनी व ग्रंथालयांनी ते आपल्या भिंतीवर लावावे. कारण तट्टावाल्याचा मुलगा बहुधा त्याच शाळेत असतो, आणि विणाऱ्या घोडीजवळ रात्री कंदील किंवा विजेरी धरून उभा राहणारा पुष्कळदा तोच असतो. शिंगरू उभे राहिले का, प्याले का, वार पडली का, एवढे तीन प्रश्न त्याला पाठ असले, तर पशुवैद्याला निरोप वेळेवर जाईल.